ताठरता कशी येते, का जाते आणि बिघडली तर कुठून सुरुवात करावी

लिंगात हाड नसतं, आणि हात उचलावा तसं ते उचलणारा हुकमाचा स्नायूही नसतो. ताठरता म्हणजे अडवून धरलेलं रक्त. एवढी एक गोष्ट नीट समजली की पुढचं बरंचसं उलगडत जातं. भीतीने ती का जाते, तंबाखूने का जाते, साखर वाढल्यावर का जाते आणि तेल चोळून ती परत का येत नाही, हे सगळं त्या एकाच गोष्टीशी जोडलेलं आहे.

आत काय आहे

लिंगाच्या लांबीभर तीन नळ्या असतात. वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन जाड नळ्या, आणि खाली मूत्रमार्गाला वेढणारी तिसरी. या तिसरीचंच पुढचं टोक फुगून बोंड झालेलं असतं. ताठरतेचं खरं काम वरच्या दोघी करतात. आतून त्या स्पंजासारख्या असतात. त्यांत बारीक बारीक कप्पे असतात आणि कप्प्यांच्या भिंती आपल्या इच्छेने न हलणाऱ्या स्नायूंच्या असतात. प्रत्येक नळीच्या मधून एक बारीक धमनी जाते, आणि नळीभोवती चिवट, पांढऱ्या, फारसं न ताणणाऱ्या ऊतीचं आवरण असतं.

बहुतेकांना उलटी वाटणारी गोष्ट अशी की, लिंग शिथिल असतं तेव्हा हे आतले स्नायू आवळलेले असतात आणि ते सैल पडले की ताठरता येते. स्पर्शाने किंवा विचाराने मज्जातंतूंकडून निरोप येतो, तंतूंच्या टोकांतून आणि धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यामुळे स्नायूंच्या पेशींत सायक्लिक जीएमपी (पुढे नुसतं जीएमपी) नावाचा निरोप्या तयार होतो आणि स्नायू ढिले पडतात. धमनी रुंदावते, कप्प्यांत रक्त भरतं, स्पंज फुगून बाहेरच्या आवरणावर दाबला जातो. आवरणाखालून रक्त परत नेणाऱ्या शिरा त्या दाबाने चेपल्या जातात. नाशिकच्या गंगापूर धरणात वरून पाण्याची आवक चालू राहावी आणि खालचे दरवाजे बंद असावेत, तसं हे आहे. आवक कमी पडली तरी ताठरता येत नाही, आणि दरवाजे नीट लागले नाहीत तरी आलेली टिकत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डॉक्टरांना सांगताना त्या वेगळ्याच सांगाव्यात.

अगदी शेवटच्या, सर्वांत कडक टप्प्यात लिंगाच्या मुळाशी असलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात आणि आतला दाब काही क्षण हाताला मोजल्या जाणाऱ्या बीपीच्याही वर जातो. या साऱ्या यंत्रणेत आपल्या इच्छेने हलवता येणारे स्नायू एवढेच. त्यांचा व्यायाम पुढे दिला आहे.

काम झालं की एक वितंचक (एन्झाइम), त्याचं नाव पीडीई-५, जीएमपी मोडून टाकतं. स्नायू पुन्हा आवळतात, शिरा उघडतात, रक्त निघून जातं.

निरोप दोन वाटांनी येतो. कल्पना, दृश्य, आठवण यांचा निरोप मेंदूतून खाली उतरतो. थेट स्पर्शाचा निरोप मेंदूला न विचारताही मज्जारज्जूच्या शेवटच्या भागातून फिरून येऊ शकतो. या दोन्ही वाटांवर एक ब्रेक आहे, तो म्हणजे अॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरअॅड्रेनलिन. धोका जाणवला की शरीर त्या आतल्या स्नायूंना पुन्हा आवळायला लावतं. शरीराच्या लेखी कुत्रं मागे लागणं आणि ‘आज जमेल ना?’ हा विचार, दोन्ही धोकेच. म्हणून जोर लावून, मनाशी हुकूम सोडून ताठरता येत नाही. जितका जोर, तितकं अॅड्रेनलिन.

‘नस ढिली झाली’, ‘नसांची कमजोरी’, ‘हस्तमैथुनाने नस वाकडी झाली’ असे शब्द भिंतींवरच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात घातले आहेत. वरच्या रचनेत ढिली होणारी अशी कुठलीच ‘नस’ नाही. हस्तमैथुनाने लिंग बारीक किंवा वाकडं होत नाही. झोपेत वीर्य जाणं किंवा शौचाला जोर करताना चिकट पाणी येणं म्हणजे ताकद वाहून जाणंही नव्हे. वर्षानुवर्षं या भीतीखाली दबलेली माणसं आहेत आणि ती भीतीच पुढे त्यांची ताठरता घालवते. याची आम्हाला मनापासून चीड आहे.

पहाटेची खूण

गोदेला पूर किती आलाय हे नाशिककर रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघून ओळखतात. ताठरतेच्या बाबतीत तशी खूण पहाटे मिळते. निरोगी पुरुषाला रात्रीत साधारण ३ ते ५ वेळा, दर वेळी २५ ते ३५ मिनिटं ताठरता येते. ती स्वप्नांच्या झोपेत येते. सकाळी जाग आल्यावर दिसते ती यांतलीच शेवटची. लघवी तुंबल्यामुळे ती येते हा समज चुकीचा आहे. झोपेत मनावर परीक्षेचा ताण नसतो, म्हणून ती दिसली तर धमन्या, शिरा आणि मज्जातंतू बहुतांशी शाबूत आहेत असं समजायला जागा आहे.

तीन आठवडे एक छोटी नोंद ठेवा, मोबाइलमध्येही चालेल. रोज चार गोष्टी लिहा. पहाटे ताठरता होती का, एकट्याने होते का, जोडीदारासोबत किती टिकली आणि आदल्या रात्री झोप किती तास झाली. दारू घेतली असेल तर तीही लिहा. कडकपणाला १ ते ४ आकडा द्या. लिंग मोठं झालं पण मऊ राहिलं तर १. सोललेल्या केळ्याइतकं, म्हणजे थोडं कडक पण आत जाणार नाही, तर २. सालासकट केळ्याइतकं, म्हणजे आत जाईल पण पूर्ण कडक नाही, तर ३. काकडीसारखं घट्ट असेल तर ४. डॉक्टरही हीच चार पायऱ्यांची मोजणी वापरतात, त्यामुळे तुमची वही थेट त्यांच्या कामी येते.

नोंद वाचायची कशी? पहाटे ४, एकट्याने ४ आणि जोडीदारासोबत २ असेल, किंवा तक्रार एखाद्या दिवसापासून एकदम सुरू झाली असेल, तर कारण बहुधा मनात, नात्यात किंवा परिस्थितीत आहे. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू सगळीकडेच आकडा उतरत गेला असेल, पहाटेचाही, तर शरीराकडे बघा. दोन्ही एकत्र असणंही सर्रास दिसतं. शरीराने दोनदा दगा दिला की तिसऱ्यांदा मन आधीच घाबरलेलं असतं.

एक सावधगिरी. झोपच नीट नसेल तर पहाटेची खूण वाचू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार, किंवा पंपाला रात्रीची वीज म्हणून दोन वाजता द्राक्षबागेला पाणी द्यायला उठणारा निफाड-दिंडोरीचा शेतकरी, यांची स्वप्नांची झोपच तुटते. त्यांनी पाळी बदलल्यावर किंवा सलग चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावरच नोंद धरावी. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसभर पेंग येणं, हा त्रिकूट असेल तर निद्रा-श्वसनरोधाची तपासणी करून घ्या. त्यात रात्रीचा प्राणवायू आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, दोन्ही खालावतात.

रक्तवाहिन्यांकडून आलेला निरोप

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. धमन्यांच्या अस्तराचा आजार सगळ्या शरीरात एकदमच पसरतो, पण तोच थर बारीक नळी आधी चोंदवतो. म्हणून चाळिशीतल्या माणसाची हळूहळू उतरलेली ताठरता अनेकदा छातीत दुखण्याच्या साधारण २ ते ५ वर्षं आधी दिसते. ज्याला फक्त ‘तिथली’ तक्रार वाटते तो गोळी घेऊन वेळ मारून नेतो आणि हृदयाकडून आलेली आगाऊ सूचना फुकट जाते. असं होऊ देऊ नका.

त्या अस्तरावर घाव घालणाऱ्या गोष्टी ओळखीच्याच आहेत. मधुमेह सर्वांत पुढे, कारण तो धमनी आणि मज्जातंतू दोन्ही खातो. कित्येकांना साखर आहे हे पहिल्यांदा ताठरतेच्या तक्रारीमुळेच कळतं. त्याच्या पाठोपाठ उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी बेंबीच्या पातळीवर ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पँटचा कमरेचा नंबर सांगू नका, तो पोटाखाली घातलेल्या पँटचा असतो. टेप लावून मोजा.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. निकोटिन धमनी त्याच क्षणी आवळतं, म्हणजे ताठरतेला जे हवं त्याच्या बरोबर उलट, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने नायट्रिक ऑक्साइड बनवणारं अस्तरच निकामी होत जातं. ‘मी सिगारेट ओढत नाही, फक्त चुना-तंबाखू मळतो’ म्हणणाऱ्याच्या रक्तातही निकोटिन पोहोचतंच. मशेरी आणि गुटखाही त्यातच आले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे.

दारूचं थोडं वेगळं आहे. एखादा पेग किंवा वाइनचा एक ग्लास भीड कमी करतो, म्हणून तिच्याबद्दल गैरसमज टिकून आहे. त्यापुढे गेलं की मज्जातंतूंचा निरोप मंदावतो, आणि रोजच्या जास्त दारूने यकृत, टेस्टोस्टेरॉन आणि तंतू तिन्ही खराब होतात. वाइनच्या गावात राहतो म्हणून शरीर सवलत देत नाही.

सायकल. नाशिकमध्ये सायकलवेडे भरपूर, त्र्यंबक रोडने पहाटे रांगाच लागतात. सायकल हृदयाला उत्तमच, पण अरुंद, टोकदार सीटवर तासन्‌तास बसलं की अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधली जागा दाबली जाते. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या आणि तंतू तिथूनच जातात. तिथे किंवा लिंगात मुंग्या आल्या, बधिरपणा आला तर तो इशारा आहे. सीट बसायच्या दोन हाडांना पुरेल इतकी रुंद घ्या, मधोमध खाच असलेली चांगली. टोक वर करू नका, सपाट किंवा किंचित खाली ठेवा. दर १० मिनिटांनी थोडा वेळ पेडलवर उभे राहा. बधिरपणा तरीही आला तर तो पूर्ण जाईपर्यंत सायकल बंद.

गोळ्यांची पिशवी तपासा

रोजच्या औषधांमुळे ताठरता उतरू शकते, आणि ही गोष्ट विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. रक्तदाबाच्या औषधांत अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड. नैराश्य-चिंतेच्या औषधांत एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन. मानसिक आजारांत रिस्पेरिडोन. केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड. याशिवाय स्पायरोनोलॅक्टोन आणि वेदनेसाठी दीर्घकाळ घेतलेलं ट्रॅमाडॉल. सगळ्यांना हा त्रास होतोच असं नाही.

यांतली कुठलीही गोळी स्वतःहून थांबवू नका. मेटोप्रोलॉल-अॅटेनोलॉल एकदम बंद केलं तर रक्तदाब आणि छातीचे ठोके उसळतात, कधी हृदयविकाराचा झटकाही येतो. डॉक्टरांना विचारा, ‘याऐवजी दुसरी चालेल का?’ बऱ्याचदा चालते. टेल्मिसार्टनसारखी औषधं किंवा नेबिव्होलॉल ताठरतेला तुलनेने कमी त्रास देतात.

जिममध्ये ‘बॉडी लवकर बनते’ म्हणून टोचली जाणारी इंजेक्शनं बहुधा टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच्या नातलगांची असतात. बाहेरून हार्मोन आलं की अंडकोष स्वतःचं बनवणं थांबवतात, शुक्राणूही घटतात. कोर्स संपल्यावर काही महिने ताठरता आणि इच्छा दोन्ही मंद राहू शकतात.

नवं लग्न, पहिली रात्र

तीन दिवस हळद, मांडव, पाहुणे, जागरण. मग पातळ भिंतीपलीकडे आत्या-मावश्या झोपलेल्या, आणि दोघंही एकमेकांना जेमतेम ओळखणारे. अशा रात्री ताठरता आली नाही तर त्यात आजार काहीच नाही, अॅड्रेनलिनने आपलं काम केलं एवढंच. तक्रार किमान तीन महिने टिकली तरच तिला आजार म्हणायचं. तोवर ‘दोष’ शोधत कुणाकडे जाऊ नये, आणि बायकोच्या माहेरी-सासरी चर्चा तर मुळीच नको.

अशा वेळी, आणि वर नोंद वाचताना जे ‘मनाचं’ निघालं त्यातही, एक जुनी आणि चांगली पद्धत आहे. दोघांनी मिळून ठरवायचं की पुढचे दोन आठवडे संभोग करायचाच नाही. हे सोंग म्हणून नव्हे, खरोखरच. पहिल्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, एकाने दुसऱ्याच्या पाठ, हात, केस, पाय यांना स्पर्श करायचा. छाती आणि जननेंद्रियं वगळायची. कसं वाटतं ते शब्दांत सांगायचं. दुसऱ्या आठवड्यात तिथेही स्पर्श करायचा, पण ताठरता आली तरी तिचा उपयोग करायचा नाही. ती येऊ द्यायची, जाऊ द्यायची, पुन्हा येऊ द्यायची. ‘गेली की परत येते’ हे शरीराला एकदा अनुभवातून कळलं की परीक्षेची भीती ओसरते. तिसऱ्या आठवड्यात सावकाश पुढे जावं. इथे सर्वसाधारण चूक अशी होते की, दुसऱ्याच दिवशी ताठरता आलेली बघून घाई केली जाते, ती टिकत नाही आणि सगळं मूळपदावर येतं. ठरवलेले दिवस पाळा.

कंडोम चढवताना ताठरता उतरते ही तक्रारही फार ऐकू येते. त्यासाठी एकट्याने चार-पाच वेळा चढवायचा सराव करा, पाकीट आधीच उशाशी उघडण्याजोगं ठेवा आणि मुळाशी रुतत असेल तर मोठ्या मापाचा घ्या.

कोणत्या तपासण्या, कुठे

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनकडे. रक्तदाब मोजा, पोटाचा घेर मोजा. उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, करा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह. कोलेस्टेरॉलचं पूर्ण पॅनेल. टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी रक्त सकाळी ७ ते ११ मध्येच द्यायचं, कारण दुपारनंतर हे हार्मोन स्वाभाविकच उतरतं आणि संध्याकाळच्या आकड्यावर कुणालाही आजारी ठरवता येतं. कमी आलं, म्हणजे साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, तर वेगळ्या दिवशी पुन्हा सकाळीच तपासा. दोन्हीदा कमी असेल तरच प्रोलॅक्टिन (आणखी एक हार्मोन) वगैरे पुढच्या तपासण्या. आणि मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं नकोत, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

लिंगाचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सगळ्यांना लागत नाही. अपघात, ओटीपोटाचं हाड मोडणं, तरुणपणीच पूर्ण ताठरता जाणं, अशा वेळी तो उपयोगी. पहिल्याच भेटीत महागडा डॉप्लर सांगितला तर ‘त्याने उपचार काय बदलेल?’ एवढं विचारा.

पुढची पायरी यूरोलॉजिस्ट. खासगीत परवडत नसेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि तिथून चिठ्ठी घेऊन शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, ही सरकारी वाट आहे. रस्त्याकडेच्या तंबूत, लॉजच्या खोलीत ‘दर मंगळवारी’ बसणाऱ्या किंवा पाटीवर नोंदणी क्रमांक नसलेल्या कुणाकडे जाऊ नका. तिथल्या ‘शुद्ध जडीबुटी’च्या पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची गोळी, कुटून मिसळलेलं असू शकतं. जगभर अशा उत्पादनांत ते वारंवार सापडलं आहे. मात्रा किती ते कुणालाच माहीत नसतं, आणि हृदयाची गोळी घेणाऱ्याला ती पुडी जिवावर बेतू शकते.

चालणं आणि आवळणं

औषधाआधी किंवा औषधासोबत चालणं हवंच. दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने ४० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा महिने. संशोधनात ताठरता सुधारली ती साधारण या प्रमाणात. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक असो, गोदाकाठ असो की पांडवलेणीच्या पायऱ्या, जागा कुठलीही चालेल. महिनाभराने फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. धमनीचं अस्तर सावकाश भरून येतं.

ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम असा. उताणे झोपा, गुडघे वर. वायू अडवतो तसं आत ओढा आणि त्याच वेळी अंडकोष वर उचलल्यासारखं करा. जमलं असेल तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना दिसतं. पोट, मांड्या, नितंब सैल राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. श्वास रोखणं ही नेहमीची चूक. ५ सेकंद आवळा, १० सेकंद सोडा, असं १० वेळा. दिवसातून तीनदा, एकदा झोपून, एकदा बसून, एकदा उभं राहून. दुसऱ्या महिन्यापासून आवळणं हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्या. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तीन महिने करा. लघवी करता करता मध्येच अडवून सराव करू नका, आणि ओटीपोटात आधीच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

गोळी नीट कशी घ्यायची

छातीत दुखण्यावरचं औषध म्हणून तपासलं जात असताना सिल्डेनाफिलचा हा दुसरा गुण लक्षात आला, आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइड हा शरीरात निरोप पोहोचवणारा रेणू आहे या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. गोळी करते काय? जीएमपी मोडणाऱ्या पीडीई-५ ला अडवते. म्हणजे ती ताठरता आणत नाही, आलेला निरोप लवकर पुसू देत नाही. स्पर्श नाही, इच्छा नाही, तर गोळीही नाही. गोळी खाऊन टीव्ही बघत वाट पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही आणि तो ‘बोगस निघाली’ म्हणतो.

सिल्डेनाफिल बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. वय ६५ च्या वर असेल किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल तर २५. कमाल १००, आणि २४ तासांत एकदाच. सुमारे तासभर आधी, रिकाम्या किंवा हलक्या पोटी. तर्रीची मिसळ किंवा मटणाचं जेवण पोटात असेल तर तेलाने गोळीचा असर तासभर मागे पडतो आणि कमीही होतो. परिणामाची खिडकी साधारण ४ तास. टाडालाफिल १० किंवा २० मिलिग्रॅम, जेवणाशी संबंध नाही, परिणाम ३६ तासांपर्यंत. रोज ५ मिलिग्रॅम घेण्याचाही पर्याय असतो. घड्याळ बघून जवळ येणं ज्यांना नको वाटतं त्यांना तो बरा पडतो. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, आम्लपित्त हे नेहमीचे त्रास. सिल्डेनाफिलने काही वेळ सगळं निळसर दिसू शकतं, टाडालाफिलने कंबर दुखते. एकदा घेऊन ‘लागू पडत नाही’ ठरवू नका. योग्य मात्रेत, योग्य वेळी, वेगवेगळ्या दिवशी किमान सहा वेळा घेऊन मगच डॉक्टरांना सांगा.

आता जे विसरून चालणार नाही ते. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणारा, किंवा नायट्रेट गटातलं कुठलंही औषध घेणारा माणूस या गोळ्या घेऊ शकत नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जीव जातो. उलटही तितकंच खरं. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखलं तर घरातली कुणाची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कोणती गोळी, किती वाजता. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. लाजून लपवलेली ही एक गोष्ट प्राणघातक ठरते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर चक्कर येऊ शकते, डॉक्टर कमी मात्रेने सुरू करतील. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल किंवा जंतुसंसर्गावरचं क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर गोळीचा असर वाढतो, तेही सांगा.

हृदयाला संभोगाचा भार सोसवेल का, याचा घरगुती अंदाज असा. सपाटीवर दीड किलोमीटर २० मिनिटांत चालून लगेच दोन जिने भराभर चढा. छातीत दुखलं नाही, फार दम लागला नाही, तर सहसा हरकत नसते. दुखलं तर आधी हृदयरोगतज्ज्ञ.

गोळीने भागत नसेल तर निर्वात पंप (त्याची मुळाशी घालायची रिंग ३० मिनिटांत काढायचीच), डॉक्टरांनी शिकवलेलं लिंगातलं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट, असे पुढचे उपाय आहेत. प्रत्येकाचा उपयोग होतो, पण ते यूरोलॉजिस्टच्या हाताखालीच.

थांबायचं नाही असे प्रसंग

ताठरता ४ तासांहून जास्त राहिली, इच्छा नसताना, दुखत असताना, तर रात्र असो वा पहाट, थेट मोठ्या रुग्णालयात. अडकलेल्या रक्तात प्राणवायू संपतो आणि आतला स्पंज कायमचा निकामी होतो. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्यांना याचा धोका जास्त, मुलांनासुद्धा. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत सिकलसेल आढळतो. अशा घरातल्या मुलाने ‘दुखतंय’ म्हटलं तर त्याला रागावू नका, कपडे सोडून बघा.

संभोगात लिंग जोरात वाकून ‘टक्’ आवाज आला, लगेच ताठरता गेली, सूज आणि काळं-निळं पडलं, तर ते पांढरं आवरण फाटलं आहे. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली तर बहुतेकदा पूर्ण बरं होतं. गोळीनंतर एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा ऐकू येणं बंद झालं, तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. ताठरता जाण्याबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, हे पाठीच्या कण्याचं दुखणं आहे. तेही तातडीचं.

ओपीडीत तोंडातून शब्द फुटत नसतील तर ही चिठ्ठी लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा: ‘वय अमुक. गेले अमुक महिने लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही / आलेली टिकत नाही. पहाटे येते / येत नाही. साखर, बीपी, छातीचा त्रास आहे / नाही. तंबाखू-दारू एवढी. चालू गोळ्या पिशवीत आणल्या आहेत. सॉर्बिट्रेट घेतो / घेत नाही.’ वाचून डॉक्टर पुढचं विचारतील. गोळ्यांची पिशवी तेवढी घरी विसरू नका.